कोटाला लागलेली कसर

भिंगवाले दारात येऊन उभे राहिले, तेव्हा आक्कांनी त्यांना आधी चपला बाहेर काढायला लावल्या आणि मग गुन्हेगार कोण ते सांगून टाकलं.

"सून. दुसरं कोण? ती या घरात आली आणि तिच्यामागून कसर आली. पुरावा तेवढा तुम्ही शोधा."

खाजगी तपास करणाऱ्या या गृहस्थांच्या खिशात कायम भिंग असे, म्हणून सगळे त्यांना भिंगवालेच म्हणत. सोबत त्यांचा मेव्हणा होता. तो प्रत्येक तपासाला येई आणि प्रत्येक वेळी भलत्याच माणसावर संशय घेई.

"सूनच," मेव्हण्यानं लगेच मान डोलावली.

"अजून कपाट उघडायचंय," भिंगवाले म्हणाले.

कपाटात आक्कांच्या यजमानांचा तपकिरी लोकरी कोट होता. यजमान गेले, कोट राहिला. आता त्याच्या कॉलरची पार चाळण झाली होती. आक्कांनी करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. कपाट पुसलं, कपडे उन्हात घातले, डांबराच्या गोळ्या टाकल्या. चार दिवस बरे जात, की कसर पुन्हा हजर.

"शेवटी हिचं माहेरचं पांघरूण अंगणात नेऊन जाळलं," आक्का म्हणाल्या. आवाज उगाचच चढला होता. त्या दिवसापासून सून त्यांच्याशी बोलत नव्हती, आणि जळक्या लोकरीचा वास काही केल्या आक्कांच्या नाकातून जात नव्हता. "तरी कसर आहेच. म्हणजे हिनं अजून काहीतरी दडवलंय. मी सगळ्यांसमोर सांगितलंय, ज्याच्याकडे मूळ सापडेल, त्यानं घर सोडायचं."

दाराशी सुनेची बॅग भरून तयार होती.

भिंगवाल्यांनी कोटाच्या कॉलरखालून चिमटीत काहीतरी उचललं. तांदळाच्या दाण्याएवढी नळी. आत अळी वळवळत होती.

"रंग बघ."

"करडा," मेव्हणा म्हणाला.

"भिंगातून बघ."

"एक धागा काळा, एक पांढरा. बरं मग?"

भिंगवाल्यांनी नळी तळहातावर ठेवली. ते सुनेकडे वळले. "पांघरूण कसं होतं?"

"हळदी रंगाचं. आईनं विणलेलं. त्यानंतर तिच्या हातात सुई धरायची ताकद राहिली नाही, मग तीही राहिली नाही." सून जमिनीकडे बघत होती. "मी रोज ते अंगावर घ्यायचे. त्यात कधी एक अळी दिसली नाही. कसरीची पाखरं दिसली ती आक्कांच्या खोलीच्या दाराखालून निघताना. तसं म्हटलं, तर म्हणाल्या, डोळे तपासून घे."

आक्कांचा मुलगा दोघींच्या मधे उभा राहून घामाघूम झाला होता. "माझ्याकडे एकच स्वेटर. निळा. तोही नायलॉनचा, कसरसुद्धा त्याला तोंड लावत नाही."

"आक्कांची खोली कोण झाडतं?"

"आई स्वतःच. आतून कडी लावून. आम्हाला आत पाऊल टाकायची सोय नाही."

मेव्हणा मघापासून आक्कांच्या डोक्याकडे टक लावून बघत होता. "आक्का, या वयात एवढा अंबाडा! आमच्या हिचा सुपारीएवढा उरलाय."

"सगळे केस माझेच आहेत. विकतचे नाहीत," आक्कांनी मान ताठ केली.

"आणि तुमच्या खोलीत लोकर?" भिंगवाल्यांनी विचारलं.

"एक धागा असेल तर शपथ."

"पटलं," भिंगवाले म्हणाले. "बसा सगळे."

सगळे बसले. आक्का उभ्याच राहिल्या.

"उडणारं पाखरू कपडा खात नाही. खाते ती अळी. आणि ही जी जात आहे, ती ज्यावर जगते त्याच्याच धाग्यांची नळी विणून अंगाभोवती घेते. म्हणजे ती कुठून जेवून आली, ते तिच्या अंगावरच दिसतं. कोट तपकिरी. पांघरूण हळदी. स्वेटर निळा. नळी मात्र काळी-पांढरी."

"म्हणजे घरात काळी-पांढरी लोकर आहे!" मेव्हणा उसळला.

"लोकर नाही. आक्का खरं बोलल्या. पण कसर केसांवरही जगते. तेलकट, न धुतलेल्या केसांवर तर मजेत. आक्का, अंबाडा काळा-पांढरा, एवढा मोठा, आणि विकतचा केस एकही नाही. मग भर कशाची? विंचरताना गळलेलं गुंतवळ तुम्ही जपून ठेवता. कडी लावून. कोट आणि कपाट तुम्ही शंभरदा झाडलंत, पण कसरीचं घर तुमच्या खोलीत होतं."

आक्का खोलीत गेल्या आणि अंथरुणामागून एक जुना अभ्रा घेऊन आल्या. गाठ सोडली, तशी चार-पाच पाखरं फडफडत बाहेर आली. आत वर्षानुवर्षांचं गुंतवळ तसल्याच नळ्यांनी भरलं होतं. यजमानांनासुद्धा त्यांनी हे कळू दिलं नव्हतं. घरात पाठभर वेणीची सून आल्यावर तर मुळीच नाही.

मेव्हण्यानं खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

"नियम माझाच आहे," आक्का म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "मी बहिणीकडे जाते."

"म्हणजे सुटलात की!" सून पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. "नाही जायचं. इथंच राहायचं आणि रोज सकाळी माझं तोंड बघायचं."

मुलानं तिची बॅग आत न्यायला हळूच उचलली.

"ठेव ती तिथंच. आज जात नाही. उद्याचं उद्या."

अभ्रा घट्ट बांधून नष्ट करा, खोलीची फट न् फट झाडा, एवढं सांगून भिंगवाले मेव्हण्याला घेऊन निघून गेले.

सुनेनं पदर खोचला आणि ती आक्कांच्या खोलीत शिरली. पलंगाखाली वाकून फळीच्या फटीतून कुंचा फिरवू लागली. आक्का उंबऱ्यावर उभ्या होत्या. माफी मागायला तोंड उघडलं, पण तो शब्द त्यांच्या जिभेला कधी वळलाच नव्हता. निघाला तो दुसराच.

"कशी होती गं तुझी आई?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. कुंचा थांबला.

"उंच होती," सून म्हणाली, आणि पुढची फट झाडायला लागली.