छापावे

छापखान्यात त्याला सगळे ‘काना’ म्हणत. मजकुरातला एक काना जरी गळला, तरी ह्याच्या नजरेतून सुटायचा नाही, म्हणून. नव्या माणसाला वाटे, बिचाऱ्याला एका डोळ्याने दिसत नसावं. मग काना त्याला ‘न’ आणि ‘ण’ मधला फरक अर्धा तास समजावून सांगे. एकतीस वर्षं त्याने लोकांच्या चुका काढल्या. शेवटचं मुद्रित तपासून झालं, की तळाशी लाल शाईने एकच शब्द लिहायचा: ‘छापावे’. तो शब्द पडल्यावर मालकाचंसुद्धा काही चालायचं नाही.

निवृत्तीनंतर मुलीने त्याला ब्लॉग काढून दिला, आणि गडी खुलला. ना संपादक, ना पानांची मर्यादा! रोज चारला तो लिहायला बसे. शेजारच्या खोलीत बायकोचं शिवणयंत्र खडखडत असे, आणि त्या खडखडाटात त्याला झकास सुचे.

“माझ्या दोन्ही बाह्या लावून झाल्या,” ती आतून ओरडायची, “तुमचा परिच्छेद अजून अडलेलाच!”

कुठल्या कुठल्या गावांहून लोक आवडल्याचं कळवायचे. एका शिक्षिकेने लिहिलं, तुमचं वाचल्याशिवाय सकाळचा चहा गोड लागत नाही. ती ओळ काना तीन दिवस बायकोला वाचून दाखवत होता.

आणि मग ‘वाचक’ आला. नाव एवढंच, फोटो नाही. पहिली प्रतिक्रिया: “‘दिर्घ’ नव्हे. ‘दीर्घ’.”

कानाची कानशिलं तापली. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ केल्या, आणि स्वतःची घसरली ती नेमकी ह्या शब्दात! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याने चूक सुधारली, आभार मानले. उत्तर आलं नाही. पुढेही वाचक तसाच. चूक आणि दुरुस्ती, बाकी अक्षर नाही. कानाला तो आवडायला लागला. ह्याने एकदा तरी ‘चूक नाही’ म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण प्रत्येक लेखात एक तरी सापडायचीच.

एके दिवशी त्याने कोपऱ्यावरच्या माणसावर लिहिलं. ‘कोपऱ्यावर एक किल्लीवाला बसतो. तो कुलपाला कान लावून ऐकतो.’ दहा मिनिटांत प्रतिक्रिया आली.

“‘बसतो’ नव्हे. ‘बसायचा’.”

“घसरला! अखेर घसरला!” कानाने टाळी वाजवली. “अगं, आत्ता दुपारीच किल्लीवाल्याने मला हात केला!”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुद्दाम कोपऱ्यावर गेला. किल्लीवाल्याची टपरी बंद होती.

“काल सहाला गेला हो,” शेजारचा न्हावी म्हणाला. “बसल्या बसल्या. हातात किल्ली तशीच.”

घरी येऊन कानाने प्रतिक्रियेची वेळ पाहिली. चार पन्नास.

“योगायोग,” बायको म्हणाली. “काहीतरी खूळ डोक्यात घेऊन बसू नका.”

पुढच्या आठवड्यात त्याने लिहिलं, ‘आमच्या वाचनालयाच्या बाई तारखेचा शिक्का अजून स्वतःच मारतात.’ उत्तर: “‘मारतात’ नव्हे. ‘मारायच्या’.” कानाने तडक वाचनालयात फोन लावला. फोन बाईंनीच उचलला. “आधी तुमच्याकडची पुस्तकं परत आणा!” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. काना मोकळेपणाने हसला. सोमवारी पुस्तकं घेऊन गेला, तर वाचनालयाच्या दारावर बाईंच्या निधनाची सूचना लावलेली होती.

ब्लॉग बंद करता आला असता. पण त्याला माघार माहीत नव्हती. तो फक्त जपून लिहू लागला. शाई, छपाईचे जुने खिळे, केव्हाच वारलेले मालक. जिवंत माणूस लेखात येऊ द्यायचा नाही.

बायकोला मात्र ह्याचा राग आला.

“किल्लीवाल्यावर दोन पानं, वाचनालयाच्या बाईंवर तीन! छत्तीस वर्षं मी संसार केला, माझ्यावर एक ओळ नाही?”

“तुझ्यावर नको.”

“का? मी काय चूक आहे?”

तो हसला. तिच्यावाचून त्याचं पान हलत नव्हतं. तिला काही झालं तर? तो विचार त्याने पुरा केला नाही.

दोन दिवसांनी त्याला युक्ती सुचली. इतके दिवस अक्कल गहाण टाकली होती की काय आपण! मुद्रितशोधकाची जात तो पुरती ओळखून होता. चूक दिसली, की हात शिवशिवणारच. मग आपणच चूक पेरायची! बायकोवर लिहायचं, पण सगळं भूतकाळात. वाचकाला ती सुधारावीच लागेल. एकदा त्याच्याकडून ‘आहे’ लिहून घेतलं, की बायको सुखरूप आणि आपण कायमचे निर्धास्त.

त्याने लिहिलं, ‘माझी बायको शिवणकाम करायची. शेजारच्या खोलीत तिचं यंत्र खडखडायचं, आणि मी लिहायचो.’ बोटं जड झाली, तरी तो थांबला नाही. बाकीचा मजकूर त्याने सहा वेळा तपासला. पेरलेली सोडून दुसरी चूक राहता कामा नये. चार चाळीसला लेख टाकला.

शिवणयंत्र खडखडत होतं.

“झालं का?” ती आतून म्हणाली. “माझ्यावर लिहिलंय ना? वाचून दाखवा की!”

“थांब जरा. आधी चूक येऊ दे.”

“तुमचं आपलं काहीतरीच!”

त्याने खुर्ची पुढे ओढली. पाच मिनिटं गेली. आठ.

दहाव्या मिनिटाला प्रतिक्रिया आली.

“एकही चूक नाही. छापावे.”

त्याने ती पुन्हा वाचली. मग पुन्हा.

‘छापावे’बद्दल ब्लॉगवर त्याने कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

“अगं,” त्याने हाक मारली.

शेजारच्या खोलीतलं यंत्र बंद होतं. केव्हा थांबलं, ते त्याने ऐकलंच नव्हतं.