वायर काढूनही...

हे माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलेलं आहे. मी त्याच्या शेजारी बसून, त्याच्याच तोंडून दोनदा ऐकलंय. दोन्ही वेळा एका शब्दाचाही फरक नव्हता. म्हणून लिहितोय.

रात्र नव्हती. लोक आधी तेच विचारतात.

गेल्या वर्षीचा एप्रिल. मंगळवार, दुपारचे दोन. मुखेडहून कंधारकडे निघालं की फाट्यावरून तीन किलोमीटर आत एक खडीची खदान आहे. तिथं.

माझा भाऊ अश्वजित सोनकांबळे. नांदेडचा. पोकलेन, रोलर, टिप्पर अशा मोठ्या गाड्यांचं वायरिंग आणि सेन्सर बघणारा मिस्त्री. खदानीचा सुपरवायझर व्यंकट यानं त्याला बोलावलं होतं. टिप्परचा बझर काही केल्या बंद होत नव्हता.

इंजिनमधल्या तेलाचं प्रेशर पडलं की ड्रायव्हरसमोर लाल दिवा लागतो आणि बझर वाजतो. ऐकल्या ऐकल्या गाडी जागेवर बंद करायची. नाही केली, तर इंजिन जाम.

"चार ड्रायव्हर पळाले," व्यंकट म्हणाला. "नवं इंजिन बसवलं, तरी बोंबलूनच राहिलंय. बघा मिस्त्री एकदा. मी जरा हापिसात हाय."

टिप्पर खदानीच्या तळाशी उभा होता. पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता.

अश्वजितनं तेलाच्या प्रेशरचा सेन्सर काढला. त्याच्या जागी गेज लावून इंजिन चालू केलं. काटा चारवर. प्रेशर एकदम ठणठणीत.

म्हणजे दोष सेन्सरचा. त्यानं नवा सेन्सर बसवला.

बझर वाजला.

मग वायरिंग. कुठं वायर घासून बॉडीला टेकते का, त्यानं बोट फिरवत फिरवत तपासलं. कुठंच नाही.

शेवटी त्यानं सेन्सरची वायरच काढून हातात धरली. या गाडीला वायर काढली की दिवा लागू शकत नाही. बझर वाजू शकत नाही.

बझर थांबला.

अश्वजितनं घाम पुसला. तेवढ्यात व्यंकट ऑफिसातून बाहेर पडून गाडीकडं चालत आला...

आणि बझर वाजायला लागला.

वायर अश्वजितच्या हातात होती.

व्यंकट चिडून मागं फिरला, माठाकडं पाणी प्यायला गेला. बझर बंद.

परत आला. चालू.

अश्वजितनं वायर हातातून सोडून दिली. "व्यंकटराव, या गाडीवर आधी कोण होतं?"

"ग्यानोबा. मेला ना तो. दीड वर्ष झालं. भरल्या गाडीचं इंजिन चढावरच जाम झालं, गाडी मागं येऊन खाली पडली. पिऊन व्हता."

"आणि बझर? तेव्हा वाजला नाही?"

व्यंकट टिप्परकडं बघायला लागला.

आणि अश्वजितला आठवलं...

दीड वर्षांपूर्वी तो लातूरला एका कामावर होता. व्यंकटचा फोन आला होता. बझर वाजून राहिलाय, ड्रायव्हर गाडी हलवायला तयार न्हाई, काय करू? अश्वजित घाईत होता. म्हणाला होता, "सेन्सरची वायर काढून ठेवा. दोन दिवसांनी येऊन बघतो."

तो गेलाच नाही. विसरला.

"माझ्या फोननंतर कितव्या दिवशी पडली गाडी?"

"चौथ्या," व्यंकट म्हणाला. मग एकदम भडकला. "तुमाला जमत न्हाई ते सांगा ना सरळ! थांबा, मीच वर नेऊन दाखवतो."

"चढू नका!" अश्वजित ओरडला.

पण दार लागलं होतं.

टिप्पर चढाला लागला. बझर वाजतच होता. खालून ऐकू येत होता. खदानीतली माणसं हातातली कामं टाकून बघत राहिली.

अर्ध्या चढावर बझर थांबला.

इंजिनही थांबलं.

गाडी जागेवर उभी. कसलाच आवाज नाही.

अश्वजित पळत गाडीच्या जवळ गेला. काच वीतभर खाली होती. आत व्यंकट दाराला धडका देत होता. दार उघडेना. मग तो अचानक थांबला... आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघायला लागला.

त्यानं हात जोडले.

"पिलेला न्हवतास तू! खोटं बोललो मी!" तो किंचाळला. "तू गाडीवर बसायला न्हाई म्हनत व्हतास. मीच शिव्या देऊन बसवलं तुला. वायर मीच काढली. पर मला मिस्त्रीनं सांगितलं व्हतं!"

मग त्यानं सावकाश मान वळवली. खाली उभ्या अश्वजितकडं बघितलं. कुणीतरी काही विचारावं आणि आपण उत्तर द्यावं, तसा म्हणाला,

"हाव... हाच."

फस्स करून हँडब्रेक सुटल्याचा आवाज आला.

व्यंकटचे दोन्ही हात तेव्हाही जोडलेलेच होते. सगळ्यांनी पाहिलं.

टिप्पर मागं आला, कडेवरून गेला आणि उलटा होऊन तळाशी आदळला.

व्यंकट जागीच गेला.

अश्वजितनं पोलिसांना सगळं सांगितलं. स्वतःचा फोनसुद्धा. त्यांनी 'ब्रेक फेल' लिहिलं आणि त्याला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ग्यानोबाच्या गावी गेला. बायकोचं नाव गुरम्मा. दारात तांदूळ निवडत बसली होती. त्यानं आधी कधी तिला पाहिलं नव्हतं.

"बसा," ती म्हणाली. "फोनवर बोलनारे मिस्त्री तुमीच न्हवं का?"

अश्वजितनं अजून नावही सांगितलं नव्हतं.

त्यानं तिचे पाय धरले. तिनं पाय मागं घेतले नाहीत. रडलीही नाही.

"म्या म्हनले त्यायला," ती सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाली. "एक गेला, आता बस करा. पर ते ऐकून राहिले न्हाईत."

मग तिनं रस्त्याकडं बघितलं.

"आता जावा तुमी. त्यायची यायची येळ झाली."

अश्वजितनं तो धंदा सोडला. आता नांदेडात कापडाच्या दुकानात काम करतो. दुकानात पायी जातो, पायी येतो. इंजिन असलेल्या कुठल्याच गाडीत बसत नाही.

या मार्चमध्ये लातूरला माझ्या बहिणीचं लग्न होतं. मी त्याला फोन केला. म्हटलं, एसटीनं ये. भरलेली असते गाडी, पन्नास माणसं असतील तुझ्याबरोबर, घाबरायचं काय त्यात?



तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी खदानीत पण पन्नास माणसं होती, दादा."

मी पुन्हा आग्रह केला नाही.