लसणाच्या गोळ्या आणि गळ्याची शपथ

शाल्मलीला सकाळपासून एक कोडं पडलं होतं. स्वराआत्याचं वजन एक्क्याऐंशी किलो. उद्या डॉक्टर तिच्या पोटाची आणि कमरेची मिळून दोन लिटर चरबी काढणार. चरबी पाण्याहून हलकी, म्हणजे ती दोन किलोसुद्धा भरणार नाही. एक्क्याऐंशीतून पावणेदोन गेले, उरले सव्वाएकोणऐंशी. मग आत्या म्हणते तशी ती शेवग्याची शेंग होणार तरी कशी?

शाल्मलीचे आईबाबा चंद्रावरच्या तळावर नोकरीला होते, त्यामुळे दहा वर्षांची ही पोर सांगलीला आत्याकडेच वाढत होती. आत्या शाळेत भूगोल शिकवायची. दोन वर्षांपूर्वी, २०५८ साली, वर्ग त्रिमितीय (चहूबाजूंनी दिसणारे) झाले आणि मुलांना बाईंची प्रतिमा हवी तशी फिरवून बघता येऊ लागली. एका वात्रट कार्ट्याने ती प्रतिमा पृथ्वीच्या गोलाशेजारी ठेवली आणि 'ओळखा पाहू, मोठं कोण?' असं लिहून वर्गभर पाठवली. आत्या वर्गात सगळ्यांबरोबर हसली. घरी येऊन मात्र न्हाणीघराचं दार लावून रडली, आणि ते रडणं शाल्मलीने ऐकलं होतं.

आता रुग्णालयात आत्या-भाचीसमोर उलगडा बसला होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाला सगळं नीट समजावून सांगायचं, एवढंच काम असलेला हा यंत्रमानव. शाल्मलीने बसल्या बसल्या आपलं कोडं त्याच्यासमोर टाकलं.

"गणित बरोबर आहे तुझं," उलगडा खूश होऊन म्हणाला. त्याने टेबलावर प्रकाशाचं एक चित्र उमटवलं. "आपली चरबी मेदपेशींमध्ये (चरबी भरून ठेवणाऱ्या अतिसूक्ष्म पिशव्यांमध्ये) असते. वजन वाढलं की या पिशव्या फुगतात, उतरलं की सैल पडतात. मोठेपणी त्यांची संख्या मात्र फारशी बदलत नाही. मेदशोषणात डॉक्टर त्वचेला बारीक छिद्र पाडतात, पोकळ नळी आत घालतात आणि तिथल्या काही पिशव्याच ओढून घेतात. त्या जागेचा आकार बदलतो. वजनकाट्याला फारसा पत्ताही लागत नाही."

"आणि उरलेल्या पिशव्या?"

"त्या पुन्हा फुगू शकतात. नंतर वजन वाढलं तर चरबी दंडावर, पाठीवर, कुठेही दिसेल. शिवाय आतड्यांभोवतीची आतली चरबी या नळीने काढताच येत नाही. ती कमी करायला खाणं आणि चालणंच लागतं."

आत्याचा चेहरा उतरला. "पण सोमवारी मी वर्गात उभी राहिले की फरक दिसेल ना?"

"सोमवारी तुम्ही सुजलेल्या असाल, स्वराताई. काही आठवडे घट्ट पट्टा बांधावा लागेल. खरा आकार दिसायला काही महिने जातील आणि कातडी सैल असेल तर ती थोडी लोंबेलही."

"जाहिरातीतली बाई तर दुसऱ्या दिवशी नाचत होती!"

"त्या बाईंना मी तपासलेलं नाही," उलगडा गंभीरपणे म्हणाला. "आता मला सांगा, तुम्ही कोणती औषधं घेता?"

"एकही नाही," आत्या झटक्यात म्हणाली.

हे खरं नव्हतं, आणि शाल्मलीला ते माहीत होतं. शेजारच्या काकूंनी आत्याला लसणाच्या अर्काच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, म्हणे चरबी वितळते. दोन महिने आत्या त्या लपूनछपून सकाळ-संध्याकाळ घेत होती. शाल्मलीने पाहिलं तेव्हा आत्या ओशाळून म्हणाली होती, "कुणाला सांगायचं नाही हं. माझ्या गळ्याची शपथ!"

"औषधांचं कशाला विचारतोस?" शाल्मलीने हळूच विचारलं.

"नळी फिरताना बारीक रक्तवाहिन्या तुटतात. मग रक्तातल्या बिंबिका (रक्त गोठवायला मदत करणारे सूक्ष्म कण) तिकडे धावतात, एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. काही औषधांमुळे त्यांचं चिकटणं कमी होतं. लसणाच्या अर्कानेसुद्धा होऊ शकतं. मग रक्त लवकर थांबत नाही."

शाल्मलीने आत्याचा पदर धरला. "आत्या, शपथ सुटली म्हण ना."

"गप्प बस, शाल्मली."

जिचे आईबाबा चंद्रावर राहतात, त्या पोरीने गळ्याच्या शपथेला भ्यावं का? एरवी ती भ्यालीही नसती. पण शपथ आत्याच्या गळ्याची होती, आणि आत्या एकच होती. शपथ मोडली तर आत्याला काही होईल, गप्प बसलं तर उद्या रक्त थांबणार नाही. एक भीती ऐकीव होती, दुसरी तिला आत्ताच नीट समजली होती. तिने डोळे घट्ट मिटले.

"ती लसणाच्या गोळ्या घेते! रोज दोन!" आणि तिने भोकांड पसरलं.

"अगं, ते काय औषध आहे का?" आत्या कावरीबावरी झाली. "लसूणच तर आहे! आपण फोडणीत घालतो तो!"

"फोडणीतल्या चार पाकळ्यांना माझी हरकत नाही," उलगडा म्हणाला. "गोळीतला अर्क मात्र डॉक्टरांना कळायलाच हवा."

उलगडाचा निरोप मिळताच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर मोकाशीबाई आल्या; वर्गातल्या त्या चेष्टेबद्दल आत्याने त्यांना आधीच सांगितलं होतं. त्या रागावल्या नाहीत. "उद्याची शस्त्रक्रिया रद्द. गोळ्या बंद करा, तीन आठवड्यांनी रक्त तपासू. तोवर एकच ठरवा, स्वराताई. हे तुम्हाला स्वतःसाठी हवंय, की त्या कार्ट्यासाठी? तुमच्यासाठी असेल तर मी आहेच."

शाल्मली नाक पुसत उलगडाला म्हणाली, "तू 'औषधं' विचारतोस ना, म्हणून चुकतं. घरगुती वस्तूला कुणी औषध म्हणतच नाही. घरातलं, शेजारणीने दिलेलं काय काय घेता, असं विचार."

उलगडाने ते टिपून घेतलं आणि इतर रुग्णालयांतल्या उलगडांनाही कळवलं. "हे मला सुचलं नव्हतं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून राज्यातला प्रत्येक उलगडा हाच प्रश्न विचारू लागला. पुढे कितीतरी बरण्या, पुड्या आणि काढे त्यामुळे उजेडात आले.

बाहेर बाकावर बसल्यावर शाल्मली सारखी आत्याच्या गळ्याकडे बघत होती. आत्याला ते कळलं आणि तिचे डोळे भरून आले.

"माझं अजून काही ठरलं नाही, बाळा," ती म्हणाली. "करेन, नाहीतर नाही करणार. पण आता काही लपवणार नाही."

मग तिने शाल्मलीचा हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. बोटांखाली नाडी छान ठकठक उडत होती.

"सुटली," आत्या म्हणाली.