ऐहमचे एकोणीस फोल्डर

तो माझ्या खोलीत आला तो चुकून. त्याला चहा हवा होता.

चूक त्याची नव्हती म्हणा. आमच्या खोलीत पूर्वी चहाच व्हायचा. मग अबू फव्वाजनी ऑफिससाठी सर्व्हर घेतला आणि शेगडी वरच्या मजल्यावर गेली. दारावरची पाटी मात्र तशीच राहिली. अम्मानमधल्या आमच्या ऑफिसात पुलांचे नकाशे काढतात, पाट्या बदलत नाहीत.

हातात रिकामा ग्लास, बाहीवर शाईचा डाग, आणि डोळे… डोळ्यांबद्दल सांगतेच.

"चहा?" त्याने विचारलं.

"इथे फक्त सर्व्हर तापतो," मी म्हटलं. "चहा वर."

"मग इथे काय मिळतं?"

"फोल्डर. तेही अर्ज केलात तर."

"करतो की," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी खरंच अर्ज घेऊन हजर!

नाव ऐहम. इर्बिदहून पूल विभागात नवीन आलेला इंजिनिअर. कुणालाही सर्व्हरवरचा फोल्डर उघडून द्यायचा तर छापील अर्ज हवा, त्यावर अबू फव्वाजची सही हवी, आणि तो अर्ज ज्याचा त्याने आणून द्यायचा, असा आमच्याकडे नियम. अबू फव्वाज म्हणजे ऑफिसचे मालक. त्यांचा संगणकावर काडीचा विश्वास नाही, सहीवर मात्र पूर्ण आहे.

"तुम्ही एकच फोल्डर लिहिलाय," मी म्हटलं.

"हावरटपणा बरा नाही."

"आणि फक्त वाचायचा हक्क मागितलाय. नकाशात बदल करायचा झाला तर?"

"त्यासाठी परवा येईन."

आणि तो हसला. त्याचं हसू आधी डोळ्यांत यायचं, तोंड सावकाश मागून पोहोचायचं. तेवढ्या वेळात माणसाचं काय होतं, ते मी सांगत बसत नाही.

खरं तर शहाण्या माणसाने हे काम कसं करावं? पूल विभागाचा एक गट करावा, सगळे हक्क त्या गटाला द्यावेत, आणि नवा माणूस आला की त्याला गटात टाकावं. एक क्लिक. झालं. मला हे झोपेतही येतं. आमच्या ऑफिसातले सगळे गट मीच बनवलेत.

मी ते केलं नाही. त्याने मागितला तो फोल्डर काढला, त्यावर ऐहमचं नाव स्वतंत्र चढवलं, आणि परवाची वाट बघत बसले.

तो परवा आला. मग तेरवा. एकदा धुळीचं वादळ सुटलं, सगळं शहर पिवळं पडलं, खिडक्या बंद. त्या दिवशीही आला, जातरचा मसाला लावलेली गरम मनाकीश रोटी कागदात गुंडाळून, खाली अर्ज.

"याच्यावर तेल सांडलंय," मी म्हटलं.

"मग उद्या नवा आणतो."

"नको… हाही घेते. उद्या दुसऱ्या फोल्डरचा आण."

"आण?" तो म्हणाला. "कालपर्यंत 'आणा' होतं."

"खा गुपचूप. गार होतेय."

पण त्याच महिन्यात माझं सगळं पणाला लागलं होतं. सर्व्हरचे मुख्य प्रशासक नजीबकाका निवृत्त होणार होते. सगळ्या फोल्डरांच्या किल्ल्या ज्या एका खात्यात असतात ते खातं माझ्या नावावर व्हावं म्हणून मी तीन वर्षं राबत होते. पण कुवेतची एक मोठी कंपनी आम्हाला काम देणार होती, आणि त्यांची अट अशी की त्यांचा माणूस येऊन सर्व्हर तपासेल, तो हो म्हणाला तरच नवा प्रशासक नेमायचा.

माणूस नव्हता, बाई होती. नुहादबाई. चष्मा साखळीला, तोंडात गोड शब्द नाही. तासभर त्या माझ्या खुर्चीत बसल्या. मी मागे उभी, अबू फव्वाज शेजारी.

"हा ऐहम कोण?"

"पूल विभागातला," मी म्हटलं.

"त्या विभागाचे बाकी अकरा जण गटात आहेत. हा एकटा बाहेर, आणि याचं नाव एकोणीस फोल्डरांवर वेगवेगळं. चुलतभाऊ आहे की मावसभाऊ?"

आमच्या गावात हा प्रश्न आधी विचारतात, आणि बहुतेक वेळा बरोबरच निघतो.

"नात्यातला नाही."

"मग तुला गट बनवता येत नाही?"

ते मात्र झोंबलं. तेवढ्यात अबू फव्वाजनी ऐहमला बोलावून घेतलं. नुहादबाईंनी अर्जांची फाइल उघडली आणि 'कारण' या रकान्यात त्याने लिहिलेलं मोठ्याने वाचायला लागल्या.

"'नकाशा बघायचा आहे.' 'नकाशा पुन्हा बघायचा आहे.' 'काल सुट्टी होती.' 'वर चहा चांगला मिळत नाही.' या सगळ्यांवर तुमची सही आहे, साहेब."

"मी… वाचत नाही," अबू फव्वाज पुटपुटले.

आता दोनच वाटा होत्या. येत नव्हतं म्हणून सांगायचं आणि ते खातं घालवायचं, नाहीतर खरं बोलायचं. मी खोटं अडाणीपण पत्करणाऱ्यांतली नाही.

"मला गट बनवता येतो, बाई. याला पहिल्याच दिवशी गटात टाकलं असतं, तर हा पुन्हा माझ्या खोलीत आला नसता. मला तो यायला हवा होता. म्हणून टाकलं नाही."

कान तापले होते, पण मान मी खाली घातली नाही.

"मलाही गटाचं माहीत होतं," ऐहम हळूच म्हणाला. "इर्बिदला सर्व्हर मीच सांभाळायचो."

"आणि मला बोलला नाहीस?"

"तू का टाकत नाहीयेस… त्याचाच अंदाज घेत होतो."

नुहादबाई वितळल्या वगैरे नाहीत. त्यांनी एकोणीस फोल्डर गटाच्या यादीशी ताडून पाहिले. जास्तीचा एकही निघाला नाही. प्रेमात पडले होते, तरी कामात लबाडी केली नव्हती.

"आत्ता नीट कर. माझ्यासमोर."

मी एकेका फोल्डरवरून त्याचं नाव काढलं. अकरावा, बारावा… एकेक क्लिक सावकाश. शेवटी त्याला गटात टाकलं. आता त्याला माझ्याकडे यायचं काही कारण उरलं नव्हतं.

"खातं हिच्या नावावर करा," नुहादबाई म्हणाल्या. "चूक केली, पण लपवली नाही. पुन्हा दिसली तर मात्र चालणार नाही."

तीन वर्षांची माझी धडपड एका वाक्यात पार पडली. अबू फव्वाजनी खुशीत सगळ्यांसाठी कॉफी मागवली. सगळ्यांनी घेतली. ऐहमने कप हातात घेतला, आणि न पिता समोर टेबलावर ठेवून दिला.

अबू फव्वाजचा कप ओठांपाशीच थांबला. मुलीला मागणी घालायला आलेले लोक आमच्याकडे होकार मिळेपर्यंत कॉफीला तोंड लावत नाहीत, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"अरे, मी काय तिचा बाप आहे?" ते म्हणाले.

"तुमच्याकडे नाही मागत, साहेब." ऐहम माझ्याकडे वळला. या वेळी त्याचे डोळे हसत नव्हते, घाबरलेले होते. "लमीस… शुक्रवारी वडिलांना घेऊन तुझ्या घरी येऊ?"

"लवकर सांग गं, मला कुवेतला फोन करायचाय," नुहादबाई म्हणाल्या.

मला विचार करायचा नव्हताच. फक्त त्याच्या तोंडाकडे दोन क्षण जास्त बघून घेतलं.

"बाबांना उशिरा आलेली माणसं खपत नाहीत. चारच्या आत या," मी म्हटलं. "आणि ऐहम… कॉफी पी."