येते हं

दार लोटून घ्या, वारा येतोय. हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय. खोटं वाटलं तर त्याच्याशी भांडा.

साडू वायरमन. गावाबाहेरचा साहेबाचा जुना बंगला आता तिकीट लावून दाखवतात. मडमेच्या पलंगापाशी लाल गोंड्याची रेशमी दोरी आहे. ती ओढली की खाली नोकरांच्या बोळात घंटा वाजायची.

साडूची पणजी तिथे आया होती. एका रात्री तिचं स्वतःचं पोर तापाने फणफणलेलं, आणि घंटा वाजली. मडमेच्या लेकराला झोप येत नव्हती म्हणे! "येते हं," असं पोराला सांगून ती गेली. रात्रभर तिला सोडलं नाही. पहाटे परतली, तर पोर गार पडलेलं. तेव्हापासून त्या घरात निघताना कुणी "येतो" म्हणत नाही. सरळ "जातो" म्हणतात. लोक नाकं मुरडतात, मुरडू देत.

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. दुसऱ्या दिवशी बंगल्यावर बडे पाहुणे यायचे होते, आणि नेमके दिवे गेले. साडूला बोलावणं आलं. घरी त्याचा मुलगा तापलेला. पोराने बापाचं बोट घट्ट धरलं, आणि साडूच्या तोंडून निसटलं, "येतो हं."

दिवे लागेपर्यंत रात्रीचे अकरा झाले. त्याने पिशवी उचलली. बोळात घंटा वाजली.

तिची तार कधीच काढून टाकलेली होती...

तो दाराकडे वळला. घंटा. पाऊल उचललं. घंटा. पाय आपोआप जिन्याकडे फिरले. मेले, तरी यांचे हुकूम संपत नाहीत!

"पोरगं आजारी आहे हो," तो रडकुंडीला आला. "जाऊ द्या मला..."

घंटा.

मग बोळातून बाईचा आवाज. दमलेला.

"येते हं..."

अनवाणी पावलं जिना चढली. अजूनही हिची चाकरी सुटली नाही...

वर काहीतरी तटकन तुटलं.

घंटा थांबली.

पावलं धावत खाली आली. त्याच्या अंगावरून गेली. दाराबाहेर.

साडू पळत घरी पोचला. बायको पोराच्या उशाशी बसल्या बसल्या पेंगलेली. पोराला घाम फुटलेला, ताप उतरलेला.

"बाबा, एक आजी आली होती," ते पुटपुटलं. "म्हणाली, फार उशीर झाला रे बाळा."

त्याची मूठ घट्ट मिटलेली होती. साडूने एकेक बोट सोडवलं.

आत लाल गोंडा होता.