एवढी जागा धरजो

“घराबाहेर पडशील तेव्हा पच्चक्खाणाचा नियम घेऊनच पड, बिंदणी. पाणी प्यायचं झालं की मूठ वळायची, तीन नवकार म्हणायचे, मगच घोट घ्यायचा. आणि कुणाला काही बोलून ठेवलं असेल, तर ते पुरं झाल्याशिवाय मूठ वळायची नाही.”

सासूबाई झमकूबाई जाऊन सहा वर्षं झाली, तरी रूपलच्या कानात हे रोज सकाळी उमटायचं. त्या रविवारीही उमटलं. फरक इतकाच, की त्या दिवशी ती देवापुढे नव्हती, मोटारीत होती, आणि मांडीवर सासऱ्यांचं डोकं होतं.

सासरे रिखबचंदजी बोदवडच्या घरी सामायिकाच्या ध्यानाला बसले होते. अर्ध्यातच छातीवर हात ठेवून आडवे झाले. नवरा, संयम, आदल्या दिवसापासून धुळ्याला लग्नात. शेजारच्या शालिग्रामभाऊंनी गाडी काढली, भुसावळ मागे टाकलं आणि पावणेनऊला जळगावच्या हमरस्त्यावरच्या एका चारमजली दवाखान्यासमोर त्यांना उतरवलं. मे महिना होता. पायऱ्यांच्या फरश्या तेवढ्या सकाळीच तापल्या होत्या.

पहिली दहा मिनिटं सगळं झटपट झालं. ईसीजीची पट्टी काढली, सुई टोचली, डॉक्टरांनी सांगितलं की अटॅक आहे, अँजिओग्राफी करावी लागेल, बहुधा स्टेंट टाकावा लागेल, उशीर करून चालणार नाही. रूपलने विचारलं, मग कधी नेताय? कागद झाले की लगेच, असं उत्तर आलं.

कागद व्हायची जागा तळमजल्याच्या दिवाणखान्याएवढ्या हॉलमध्ये होती. काचेमागे स्वप्नील नावाचा तरुण, त्याच्या डोक्यावर लाल आकड्यांचा फलक. फलकावर ४०. मंजुरी नंबरानेच मिळायची; रूपलच्या चिठ्ठीवर ६७. विमा नको असेल तर दोन लाख आगाऊ भरा, म्हणजे चिठ्ठीचीही गरज नाही, असं स्वप्नीलने अगदी नम्रपणे सांगितलं. रविवार होता, बँका बंद, मोबाईलवरून एका दिवसात लाखाच्या वर रक्कम जात नव्हती. संयमने फोनवर चार ठिकाणी शब्द टाकले होते आणि तो वाटेत होता. अठरा वर्षं विमा कंपनीने दर वर्षी न चुकता हप्ता घेतला होता. घेताना कंपनीला एकदाही शंका आली नव्हती.

शंका आता आली. रुग्णाला साखर केव्हापासून आहे, त्याचे जुने कागद पाठवा. कागद बोदवडला, घराला कुलूप. शालिग्रामभाऊ किल्ली घेऊन पुन्हा उलट्या पावली गेले. दहा वाजले, साडेदहा वाजले. फलक ४० वरच होता.

“दादा, नंबर पुढे सरकत का नाही?”

“तिकडून मेल आला की सरकतो, ताई. आमच्या हातात काही नाही.”

हे वाक्य तो त्या सकाळी तिला सहाव्यांदा सांगत होता आणि सहाही वेळा त्याचा आवाज सारखाच होता. माणूस चिडला असता तर बरं वाटलं असतं.

घरच्या रिवाजाने आदल्या दिवशी सूर्य मावळल्यापासून रूपलच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. पिशवीत उकळलेल्या पाण्याची बाटली होती. आधी जरा टेकावं, मग पाणी घ्यावं, म्हणून तिने खुर्ची शोधली. हॉल गच्च भरलेला. माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती, काही जमिनीवर बसली होती. आणि पहिल्या रांगेत, खांबालगत, एका बाईच्या शेजारची खुर्ची मात्र मोकळी.

बाई साठीची असावी. हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. मांडीवर पितळेचा लोटा, काठोकाठ भरलेला.

“बस व माय,” ती म्हणाली. “आठे कोनी बसत नही.”

इथे कुणी बसत नाही, हे ऐकूनही रूपल बसली. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून बोलून अहिराणी तिला चांगली समजायची. त्या खुर्चीत गारवा होता. वरचा पंखा तर बंद होता. तेव्हा तिला ते सुखाचंच वाटलं.

बाईने आपलं नाव ताईबाई सांगितलं, गाव सोनगीर. आत कोण आहे म्हणून विचारलं. रूपलने सासऱ्यांचं सांगितलं आणि उलट विचारलं, तुमचं कोण?

“मना मालक व्हतात, अभिमन. आते घर शेतस. चांगला शेतस. चार पोळे व्हई गयात, बैलजोडी त्याच सजाडतस.”

चार पोळे म्हणजे चार वर्षं. नवरा बरा होऊन घरी गेला आणि बायको अजून इथे बसलेली. रूपलने मनाशी हिशेब लावला: क्लेम अडकला असेल. चार वर्षं अडकलेला क्लेम, यात तिला त्या दिवशी तरी काहीच नवल वाटलं नाही.

तिची नजर लोट्याकडे गेली. सोनगीरचंच भांडं, जड, जुन्या घडणीचं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तशी त्यावर नावं घातलेली होती, एकाखाली एक. वरची घासून घासून पुसट झालेली. शेवटचं तेवढं वाचता येत होतं: सौ. ताईबाई अभिमन. आहेरातून आहेरात फिरलेलं भांडं असावं. आतल्या पाण्यावर धुळीची साय धरली होती. सायीवर एक माशी बसली, चालत दुसऱ्या कडेला गेली आणि उडाली. पाय बुडाले नाहीत.

साडेअकराला शालिग्रामभाऊ कागद आणि किल्ली देऊन परत गेले; कागद पुढे गेले, आणि दुसरी शंका आली. स्वप्नीलने ती पडद्यावरून वाचून दाखवली: रुग्णाने आजारापूर्वी स्वतःहून अन्नपाणी सोडलं होतं का? तसं असल्यास तारखा कळवा, डॉक्टरांच्या सहीनिशी. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते.

रूपलने उभ्या आयुष्यात आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. “त्यांना कळवा,” ती म्हणाली, “की आमच्या घरात रोजच कुणी ना कुणी उपास करतं. सत्तर वर्षांच्या तारखा आहेत. कुठून लिहू?”

“शांत व्हा, ताई.”

“मी शांतच आहे. म्हणून तर तीन तास झाले.”

ती पडद्याआड सासऱ्यांकडे गेली. त्यांचा हात थंड होता, कपाळावर घामाचे थेंब. ओठ निळसर दिसत होते. “सामायिक अर्धी राहिली, रूपल,” ते पुटपुटले. परिचारिकेने यंत्राकडे पाहिलं, मग रूपलकडे, आणि हलक्या आवाजात म्हणाली की काय करायचं ते लवकर करा.

ती परत येऊन खुर्चीत बसली. ताईबाईने लोट्याखालची चिठ्ठी ओढून काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. चिठ्ठी कापडासारखी मऊ पडली होती. नंबर ४१.

“मना नंबर तू ली जाय.”

“आणि तुम्ही?”

“मी बससु. पन तुनं काम व्हयनं, की इसन एवढी जागा धरजो. मी जराशी घर जाई येसु.”

रूपल म्हणाली, येते, नक्की येते. ताईबाईने मान हलवली.

“बठ्ठा आसंच म्हनतस. कोनीच येत नही.”

सगळेच असं म्हणतात, यात तक्रार नव्हती. पण रूपलला ते लागलं. एवढ्या सकाळभरात कुणी तिच्यासाठी काही केलं असेल, तर या बाईने. झमकूबाईंच्या सुनेचा शब्द इतरांच्या शब्दासारखा नसतो, हे तिला दाखवायचं होतं. तिने तिथेच हात जोडले आणि नियम घेतला: बाबूजींचं काम झाल्यावर मी येऊन तुमची जागा धरीन, तोवर अन्न आणि पाणी, दोन्हींचा त्याग.

ताईबाईने तिच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं.

“मी बी कानबाईनी आन ल्हेयेल व्हती,” ती म्हणाली. कानबाई ही खानदेशातली देवी; तिची शपथ घेतली होती, एवढंच रूपलला कळलं.

रूपलने चिठ्ठी काचेखालून सरकवली. स्वप्नील फोनवर होता, त्याने पाहिलंही नाही. डोक्यावरच्या फलकात खट्ट आवाज झाला. ४१. त्याच्या पडद्यावर काहीतरी उमटलं. त्याने फोन खाली ठेवला, वाचलं, पुन्हा वाचलं.

“मंजुरी आलीय,” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज बदलला होता. “पण मी उत्तर पाठवलंच नव्हतं अजून.”

पुढचं भराभर झालं. स्ट्रेचर, लिफ्ट, सह्या. दुपारी दोनच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. दोन स्टेंट टाकले होते. आणखी तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं, म्हणाले. रूपलने भिंतीला टेकून नवकार म्हटला. घशाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटत होती. खाली जायला हवं होतं, पण तिसऱ्या मजल्यावर बाबूजींजवळ दुसरं कुणी नव्हतं.

संयम सव्वासहाला पोचला. एरंडोलजवळ ट्रक उलटला होता, सहा तास गाड्या हलल्या नव्हत्या. वडिलांना काचेतून पाहून त्याने डोळे पुसले. मग बायकोचं तोंड पाहिलं आणि शहाळ्याचं पाणी पुढे केलं.

“नंतर,” ती म्हणाली.

“आईचा अवतार आहेस तू. अगं, दिवस मावळला की मग रात्रभर तसंच राहावं लागेल.” त्याने हसण्याचा प्रयत्न केला. “हां, आणि हे घे. फाटकाशी एका बाईने दिलं. तुझंच आहे म्हणाली. मी काही विचारायच्या आत चपला हातात घेऊन धुळ्याच्या एसटीकडे पळत सुटली. तरण्या पोरीसारखी.”

त्याच्या दुसऱ्या हातात पितळेचा लोटा होता.

रूपलने तो घेतला. धूळ नव्हती. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता.

तिने तो फिरवला.

ताईबाईच्या नावाखाली एक नवी ओळ होती. अक्षरं सोन्यासारखी चमकत होती. कडांवर पितळेचा बारीक कीस अजून तसाच होता. तिचा अंगठा त्यावरून फिरला आणि बोटाला टोचलं.

सौ. रूपल संयम.

तिने लोटा खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिला. नाही जायचं, तिने ठरवलं. साधूसाध्वींना विचारू, प्रायश्चित्त घेऊ. चुकून घेतलेल्या नियमालाही काही वाट असेलच.

आतल्या यंत्राचा सूर बदलला.

परिचारिका धावली. काचेपलीकडे हिरवी रेघ सपाट होत चालली होती. संयमने दार धरलं.

रूपलने लोटा उचलला.

रेघ वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली.

“वायर ढिली झाली होती,” परिचारिका बाहेर येऊन म्हणाली. वायर मात्र तिने हातात धरून बघितली होती, आणि बघताना तिच्या कपाळावर आठी होती.

मग रूपलने पिशवीतून घराची किल्ली काढून संयमच्या खिशात घातली. उकळलेल्या पाण्याची बाटली दिली. बाबूजी जागे झाले की त्यांची सामायिक पुरी करून घ्या, पाठ विसरले तर सांगा, असं सांगितलं. संध्याकाळची गोळी कुठल्या कप्प्यात आहे तेही सांगितलं.

“आणि तू कुठे?”

“जराशी खाली जाऊन येते.”

बोलून झाल्यावर तो शब्द आपण कुणाच्या तोंडून ऐकला होता हे तिला आठवलं. खिडकीतून ऊन तिरपं आलं होतं. दिवस बुडायला अजून अर्धा तास होता.

लिफ्टपाशी गर्दी होती, म्हणून ती जिन्याने निघाली. लोटा दोन्ही हातांत धरून, पाणी हिंदकळू नये अशा बेताने, एकेक पायरी.