मोकळ्या रस्त्याचं यंत्र

प्रयोगशाळेतल्या टेबलावर दोन मार्गदर्शक यंत्रं ठेवली होती. दोन्ही सायकलच्या हँडलवर बसतील एवढीच.

"यातलं कोणतं घेऊ, इक्बालभाई?" डॉ. सुलक्षणा घोरपडे यांनी विचारलं. त्या निवृत्त पशुवैद्य. नवरा गेल्यापासून सायकल हाच त्यांचा विरंगुळा होता.

"डावीकडचं जवळचा रस्ता दाखवतं," इक्बाल मुजावर म्हणाले. यंत्रं त्यांनीच घडवली होती. "उजवीकडचं मोकळा रस्ता दाखवतं. याचं नाव 'निवांत'. उपग्रहाकडून तुमची जागा याला कळते आणि हे यंत्र ती उपग्रहामार्फतच आमच्या मुख्य संगणकाला कळवतं. तुम्ही ज्या रस्त्यावर असाल, तिकडे संगणक दुसऱ्या कोणाला पाठवत नाही."

"आणि मी घरी पोचल्यावर?"

"यंत्र बंद केलंत की रस्ता दुसऱ्यासाठी खुला. तुमची नोंदही पुसली जाते. कोण कुठे फिरलं, हे आम्ही साठवत नाही."

सुलक्षणाबाईंनी उजवीकडचं उचललं. रविवारच्या सायकल मंडळात प्रत्येक जण हळव्या आवाजात "आता बरं वाटतं ना?" असं विचारायचा. त्याला त्या कंटाळल्या होत्या.

वर्षभरात घाटात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सायकलवर 'निवांत' दिसू लागलं. मोटारींना बंदी असलेल्या त्या जंगलवाटांवर आता कोणी कोणाला आडवं येत नसे. सुलक्षणाबाई सुखात होत्या.

एका सकाळी उतारावरच्या खडीत त्यांचं पुढचं चाक घसरलं. शुद्धीवर आल्या तेव्हा उजवा पाय घोट्यातून वाकडा झालेला दिसला. जनावरांची हाडं आयुष्यभर जोडलेल्या बाईला घोट्याचं हाड मोडलंय हे हात न लावताच कळलं. फोनला रेंज नव्हती. यंत्राचा हिरवा दिवा मात्र चालू होता.

"चला, निदान मी इथे आहे हे संगणकाला माहीत आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि वाट पाहू लागल्या.

ऊन चढलं. पाणी संपलं. खाली दरीत फाटा दिसत होता. एक सायकलस्वार तिथवर आला, हँडलकडे पाहून दुसऱ्या रस्त्याने निघून गेला. सुलक्षणाबाईंनी हाका मारल्या, पण वाऱ्यापुढे त्या पोचेनात. मग दुसरा आला. तोही वळला.

तिसरा वळला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. संगणकाला माहीत होतं, म्हणूनच कोणी येत नव्हतं.

त्यांनी बटणावर बोट ठेवलं. यंत्र बंद केलं तर आपण इथे आहोत हे जगात कोणालाच कळणार नाही. चालू ठेवलं तर कोणी येणार नाही.

त्यांनी बटण दाबलं. दिवा विझला.

बऱ्याच वेळाने वळणावर चाकांचा आवाज आला. चाळिशीतला एक दाढीवाला माणूस करकचून ब्रेक दाबत थांबला.

"अहो, हे काय झालं? यंत्र तर म्हणालं, रस्ता मोकळा आहे!"

सुलक्षणाबाईंना रडूही आलं आणि हसूही. त्याने आपल्या बाटलीतलं पाणी त्यांना पाजलं, रुमालाने घोटा बांधला. उचलायचा प्रयत्न केला, पण त्या कळवळल्या.

"एकट्याला नाही जमायचं," तो घाम पुसत म्हणाला. "मी खाली जाऊन कोणाला तरी घेऊन येतो."

"कुठेही जाऊ नका," सुलक्षणाबाईंनी त्याचा हात घट्ट धरला. "इथेच बसा माझ्याजवळ. आणि आधी तुमचं यंत्र बंद करा."